कडुबाचा अख्खा चेहरा

पडेगावच्या पुढे, दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पारूबाई हंगामात सीताफळे विकते. हंगाम सरला की पेरू. तिच्या चेहऱ्यावर दाट सुरकुत्या आहेत आणि शहरातल्या हौशी छायाचित्रकारांत त्या सुरकुत्यांना मोल आहे. नवा कॅमेरा किंवा नवी लेन्स घेतली की ही माणसे रविवारी सकाळी वेरूळला निघतात, वाटेत तिच्या पाटीपुढे गाडी थांबवतात आणि लेन्स किती धारदार आहे ते तिच्या गालावर तपासतात. फळे सगळेच घेतात असे नाही. फोटो मात्र प्रत्येकजण घेतो. “मावशी, इकडं बघू नका, तुमचं काम चालू द्या,” असे तिला बजावले जाते. समोर उभ्या माणसाकडे बघणे हेच तिचे काम आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

इतक्या वर्षांत तिच्या हाती एकही छापील फोटो आलेला नाही.

“माझ्या गालावर नांगर धराया येत्यात हे,” ती नवऱ्याला म्हणायची.

“मग बटईचा हिस्सा माग की,” कडुबा म्हणायचा.

कडुबा गवंडी होता. तरुणपणी चुना विझवताना डोळ्यात उडाला आणि डाव्या डोळ्यात पांढरे फूल पडले. तेव्हापासून तो आपणहून कॅमेऱ्यासमोर कधी सरळ उभा राहिला नाही. मुलाच्या, संघपालच्या, लग्नाच्या अल्बममध्ये बापाचा फक्त खांदा आहे. संघपाल वाळूजच्या कंपनीत कामाला लागला, त्याने चांगला फोन घेतला. पण फोन वर झाला की कडुबाचा पंजाही वर व्हायचा.

अशा माणसाला विश्वजीतने एकदा फोटोसाठी बसवले. विश्वजीत एका महाविद्यालयात शिकवतो आणि हौशी मंडळींसाठी मराठीत कॅमेऱ्यांची परीक्षणे करतो. लिहितोही, व्हिडिओही करतो. क्रांती चौकातल्या एका दुकानदाराने त्याला मधल्या किमतीतला एक डीएसएलआर तपासायला दिला होता. या जातीच्या कॅमेऱ्यांचे दिवस संपले असे सगळे म्हणत असताना, बेताच्या खिशाच्या हौशी माणसाने तो आजही घ्यावा का, हा त्याचा प्रश्न होता. प्रश्न प्रामाणिक होता. पकड, बॅटरी, फोकसचा वेग हे सारे त्याने तपासले होते. राहिली होती अंधुक उजेडातली परीक्षा. त्यासाठी त्याला सावलीत बसलेला सावळा चेहरा हवा होता. पाटीमागच्या पत्र्याच्या खोलीत, दाराच्या आत, कडुबा बसला होता.

“काका, जरा बसता का माझ्यासाठी?”

इतक्या अदबीने कडुबाला कोणी विचारले नव्हते. तो उलट्या बादलीवर बसला आणि मान वळवून म्हणाला, “ह्या अंगानं घ्या, सर. त्या अंगाचा नको.”

“दोन्ही बाजूंनी घेतो, काका. चांगला येईल तो तुम्हाला.”

“देताल ना पण?”

“पुढच्या रविवारी मोठा करून आणतो.”

गाडी गेल्यावर पारूबाई म्हणाली, “हे बी त्यातलंच.”

“नाय,” कडुबा म्हणाला. “शिकलेलं माणूस हाय.”

पुढचे बरेच रविवार तो सकाळीच अंघोळ करून दारात बसला. मग बसेनासा झाला. उन्हाळ्यात, कामावरून परतताना, छातीत कळ येऊन तो गेला.

कडुबाच्या स्मरणाच्या विधीची, पुण्यानुमोदनाची, तयारी सुरू झाली तेव्हा बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली पारूबाईने खिळा ठोकून घेतला. त्या खिळ्यावर लावायला फोटो नव्हता. तिला विश्वजीत आठवला. संघपालने खटपट करून त्याचा नंबर मिळवला.

विश्वजीत स्वतः आला. हळहळला. लॅपटॉप उघडून त्याने आपले परीक्षण दाखवले. पडद्यावर शेजारी शेजारी दोन चौकटी होत्या. एक नव्या कॅमेऱ्याची, एक त्याच्या जुन्या कॅमेऱ्याची. दोन्हींत एकच गोष्ट होती: कडुबाचा फूल पडलेला डोळा आणि त्याखालचा बोटभर गाल. नाक नव्हते, तोंड नव्हते. खाली लिहिले होते: ‘अंधारातही सावळ्या त्वचेतला तपशील टिकतो. पांढऱ्या भागाच्या कडा पाहा.’

“बाकीचं तोंड कुठंय?” पारूबाईने विचारले.

“मावशी, मूळ फायली लई मोठ्या असतात. परीक्षण झालं की पुसून टाकतो आपण. तुलनेला एवढंच लागतं.”

“दुसऱ्या अंगाचा काढला व्हता ना?”

“काढला होता.” तो अडखळला. “त्या बाजूला दाखवण्यासारखं काही नव्हतं.”

या वाक्यात द्वेष नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ते क्षमेला पात्र नाही. द्वेष करणाऱ्याला निदान समोर माणूस दिसतो. कॅमेरा विकत घ्यावा की नाही हे ठरवण्यासाठी गरिबाचा चेहरा फुकट वापरायचा, हवा तेवढा कापून घ्यायचा, उरलेला पुसायचा आणि या साऱ्याला छंद म्हणायचे. वर तो छंद आपल्याला संवेदनशील करतो अशी समजूत बाळगायची. त्या परीक्षणात कॅमेऱ्याच्या प्रत्येक बटणाची दखल आहे. कडुबाचे नाव कुठेही नाही.

“एक करता येईल,” विश्वजीत म्हणाला. “एवढ्या भागावरून एआयकडून पूर्ण चेहरा तयार करून घेऊ.”

“कोणाचा येईल तो, सर?” संघपालने विचारले.

“साधारण काकांसारखाच.”

“साधारण,” पारूबाई म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. “जलमभर त्यानं जे झाकलं, तेवढंच राखलं तुमी. ते काढा तिथून.”

“बघतो, मावशी. व्हिडिओ बराच बघितला गेलाय. मधूनच कापता येत नाही.”

चेहरा कापता आला होता. व्हिडिओ अजून तसाच आहे.

शेवटी संघपालने गुलमंडीतल्या एका स्टुडिओत बापाचे आधार कार्ड नेले. स्टुडिओवाला म्हणाला, “भाई, फट जाएगा. इत्ता बडा मत करो.” घरातून फोनवर पारूबाई म्हणाली, “फाटू दे. अख्खा हाय ना?” पुण्यानुमोदनाच्या दिवशी खिळ्यावर तो फोटो लागला: ठिपक्याठिपक्यांचा, चाळणीतून पाहिल्यासारखा. आधारच्या सरकारी टेबलापुढे कडुबाला मान वळवू दिली नव्हती, पण तिथल्या हलक्या कॅमेऱ्याला डोळ्यातले फूल टिपता आले नव्हते. लोकांनी त्या फोटोला फुले वाहिली.

सीताफळांच्या हंगामात एका रविवारी पाटीपुढे गाडी थांबली. एक मुलगी उतरली, गुडघ्यावर बसली आणि तिने नवा कॅमेरा डोळ्याला लावला. पारूबाईने पंजा चेहऱ्यापुढे धरला.

“आदी माझ्या म्हाताऱ्याचं तोंड आणा.”

मुलीला काही कळेना. तिने मागे वळून गाडीशी उभ्या असलेल्या विश्वजीतकडे पाहिले. “सर, या काय म्हणतायत?”

विश्वजीतने दार उघडले. “चल, तनुजा. वेरूळला पोहोचेपर्यंत ऊन चढेल.”

गाडी वळणापार जाईपर्यंत पारूबाईने हात खाली घेतला नाही.