चुंबक उलटा करून बघा
आई विड्या वळायची. कारखान्यातला चेकर तिच्या मूठभर विड्या न बघताच बाद करायचा आणि त्या दिवशी आमच्याकडे भाकरीसोबत नुसतं मीठ असायचं. वरून आलेला हुकूम आमच्या गल्लीत कुठेही न अडता पोचायचा. आईचा शब्द वर जाताना पहिल्याच पायरीवर अडायचा.

परवा प्रयोगशाळेत हे आठवलं. समोर चुंबकाच्या दोन टोकांमध्ये केसाहून बारीक अतिसंवाहक पट्टी होती. ती पार गोठवली, की तिच्यातून वीज जराही अडथळ्याशिवाय वाहते. पण पडद्यावर दिसलं, की एका दिशेने वीज सुखाने जातेय आणि तेवढीच उलटी सोडली की पट्टी अडवतेय.

"जोडणी खराब आहे तुझी," सर म्हणाले. "वीज दोन्हीकडे सारखीच जाणार. टाकून दे तो नमुना."

"टाकणार नाही, सर. आधी चुंबक उलटा करून बघा. जोडणीची खोट असेल तर ती चुंबकाचं ऐकणार नाही, अडणारी बाजू तीच राहील."

"फार शहाणी झालीस."

"तुम्हीच शिकवलंत."

जाणं-येणं दोन्हीकडून सारखंच, असं ज्याला कधी कुणी अडवलं नाही तोच म्हणतो. मी हे घरूनच शिकून आले होते.

सरांनी चुंबकाची दिशा फिरवली. अडलेली बाजू मोकळी झाली आणि मोकळी होती ती अडली. तीनदा केलं, तीनदा तेच. मग सरांनी नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिलं, की नमुना निर्दोष आहे आणि वीज खरोखरच एकाच दिशेने विनाअडथळा वाहते. त्याखाली मोजणी करणारी म्हणून माझं नाव आहे.