फुंकणीचा दोष

आईच्या कोल्हापुरी साजाची नाजूक पानं सारखी निखळतात, म्हणून गुजरीच्या सराफ बाजारातल्या त्या म्हाताऱ्या सोनारकाकांकडे माझी नेहमी फेरी असते. ते तोंडात फुंकणी धरतात आणि गाल फुगवून दिव्याची ज्योत वाकवत सांध्यावर नेतात. बोलणं असं, की समोरच्या दुकानात ऐकू जावं. तिथला सोनार गॅसची बंदूक वापरतो. "त्येनं सोनं नुसतं भाजतंय की, पोरी! सांधा फुंकून धराय लागतोय."

गेल्या वर्षापासून त्यांची ज्योत मध्येच तुटायला लागली. दोष त्यांनी फुंकणीला दिला. ती तारेनं साफ केली, मग नवी घेतली, मग आणखी एक. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, वयामुळे छातीतल्या बारीक नळ्या ढिल्या पडल्यात, श्वास सोडताना मिटतात.

"त्या काय तारंनं साफ हुईनात बघ," मला म्हणाले आणि धाप लागेपर्यंत हसले.

काल एक पान सांधून त्यांनी माझ्या हातात दिलं. मला पक्कं वाटलं. त्यांनी परत घेऊन नखानं दाबलं, तर सांधा सुटला. पान तळहातावर घेऊन ते समोरच्या दुकानात गेले. मीही मागोमाग गेले.

"एवढं तुझ्या बंदुकीनं लावून दे," ते हळूच म्हणाले. "ज्योत बारीक ठेव. मी हितंच हुबा हाय."

त्यानं गॅस पेटवला. काम संपेपर्यंत काकांचे गाल फुगलेलेच होते.