सबनिसांची सायकल

रविवारी सकाळी बाराशे रुपयांचा टँकर आमच्या इमारतीच्या टाकीत रिकामा झाला, तेव्हा खाली मी, शेजारचे सबनीस आणि टँकरवाला होतो. टँकर फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच सबनिसांनी नळाला नळी जोडून सायकलवर धार सोडली. मी पलीकडे कपडे विसळलेल्या पाण्यात फडकं पिळून माझी सायकल पुसत होतो.

“अहो, सायकलला आंघोळ घालताय की तीर्थ शिंपडताय?” सबनीस हसले.

“चेनमध्ये पाणी गेलं की गंज धरतो,” मी म्हणालो.

“धरू दे. पाण्याचे पैसे मीही भरलेत.”

सायकलीनंतर त्यांनी स्कूटर धुतली, मग अंगणही. गढूळ ओघळ फाटकाखालून रस्त्यावर गेला. बघून किळस आली. पैसे भरले की सांडायचा हक्कही आपलाच, असं माणसाला कसं वाटतं? पंगतीत वाढून घेऊन पानात टाकणारेही असंच बोलतात.

तीन दिवसांचं पाणी दुसऱ्याच संध्याकाळी संपलं. नव्या टँकरसाठी सहाही घरांनी दोनदोनशे काढले आणि टँकरवाल्याला बाराशे दिले. त्यात तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, एका बादलीत दिवस काढणाऱ्या लिमयेबाईंचेही दोनशे होते.