सहावं कुलूप

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर धम्मानंदने एकतीस वर्षं पाटकरी म्हणून काढली. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं आणि दार कधी पाडायचं, हे त्याच्या हातात. पाणीचोर तर तो चारीच्या काठावरची ओली रेघ बघून पकडायचा. पकडला की चारचौघांत नाव घ्यायचा आणि एकदा नाव घेतलं की विषय संपला. आपलं चुकलं, असं नोकरीभर त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. तशी वेळच आली नाही, असं तो सांगायचा. खरं-खोटं त्या कालव्यालाच ठाऊक.

निवृत्तीनंतर दीड वर्षाने त्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डाव्या हाताची बोटं रुसून बसली. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्याने "मी काय लेकरू हाय?" म्हणून कोनाड्यात फेकला. मुलगा पुण्याला कंपनीत होता. सासऱ्याचं बघायला म्हणून सून ज्योती गावीच थांबली आणि घरात ब्लाउज शिवू लागली. तिने एक दिवस नवऱ्याचा कॉलेजच्या काळातला, टीव्हीला जोडायचा जुना गेम ट्रंकेतून काढला आणि बटणांचा रिमोट सासऱ्याच्या हाती दिला.

"मामा, ह्याला डावा अंगठा लागतो. बघा बरं जमतं का," एवढंच ती म्हणाली.

महिनाभरात अंगठा हलायला लागला आणि धम्मानंदला नादच लागला. ढाल-तलवारवाला एक गडी, त्याने एकेक महाल जिंकत पुढे जायचं. दुपारचं जेवण झालं की सासरा खेळायचा आणि सून काज-बटण करता करता सांगायची, "मागं बघा, मागं! आला तो!" बायको गेल्यापासून त्या घरात एवढं बोलणं झालं नव्हतं.

मग आला पाण्याचा महाल. तीन मजले, आणि चाकं फिरवून पाणी भरायचं किंवा उतरवायचं. धम्मानंदने मिशीवर हात फिरवला. "हे तर आपलं खातं हाय," म्हणाला. त्याने वहीत महालाचा नकाशा काढला. सहा कुलपं होती. पाच किल्ल्या घावल्या, पाच कुलपं उघडली. सहावी किल्ली काही केल्या मिळेना. कोरड्यात तळमजल्याचा कोपरा न् कोपरा धुंडाळला, तळाशी रुतलेल्या मोडक्या नावेला धक्के मारून पाहिले. ती हलेना.

तेवढ्यात त्याला आठवलं. परवा तो पेन्शनच्या कामाला औंढ्याला गेला होता, तेव्हा ज्योती एकटी खेळली होती. झालं, ओली रेघ सापडली.

त्या दिवशी जगन चहाला आला होता. जगन म्हणजे कालव्यावरचा त्याचा जुना जोडीदार. त्याच्यादेखत धम्मानंदने सुनेला हाक मारली.

"मी न्हवतो तवा सहावी किल्ली काढून वाया घालवलीस ना?"

"न्हाई मामा. मी एकबी किल्ली वापरली न्हाई."

"मंग गेली कुठं? घरातच चोर असल तर पाटकऱ्यानं काय करावं, जगन?"

जगन हसला. ज्योती काहीतरी बोलणार होती, पण तिने जगनकडे पाहिलं आणि कपबशा उचलून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून तिने जेवण वाढलं, गोळ्या दिल्या, आणि दुपारी आतल्या खोलीत मशीनवर बसू लागली. मागं बघा म्हणणारं कुणी राहिलं नाही. धम्मानंद खेळात मरत राहिला आणि पुन्हा सुरुवात करत राहिला.

आठव्या दिवशी त्याने वैतागून महाल तुडुंब भरला. एरवी पाणी भरलं की तो गड्याला तडक वरच्या मजल्यावर न्यायचा. कालव्यात पाणी सुटलं की खाली उतरायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्या दिवशी अंगठा नीट वळला नाही म्हणून गडी पाण्यात पडला आणि थेट तळाशी गेला. बघतो तर नाव जागेवर नाही! पाण्याबरोबर ती वर तरंगली होती आणि तिच्याखाली एक दार होतं. दार करकरत उघडलं. आत पेटी होती. बंद. कुणाचा हात न लागलेली.

धम्मानंदच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लाकूड पाण्यावर तरंगतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं आणि एकतीस वर्षांच्या पाटकऱ्याला कळलं नव्हतं. तेही एक वेळ चाललं असतं. पण त्यापायी त्याने घरच्या लेकीसारख्या बाईला चोर म्हटलं होतं.

आता सरळ उठून आत जावं आणि चुकलो म्हणावं की नाही? पण नाही. या गृहस्थाने पेटी तशीच ठेवली, दार लावलं आणि पाणी उतरवून नाव पुन्हा तळाला बसवली. किल्ली तिलाच सापडू द्यावी, म्हणजे आपोआप सगळं मिटेल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, असा त्याचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी त्याने हाक मारली. "ज्योती, जरा बघ बरं. मला काय जमून न्हाई राहिलं."

ती आली. तिने चाक फिरवून पाणी भरलं आणि कुठेही न शोधता गड्याला थेट तळाशी नेलं. दार उघडलं आणि पेटीसमोर थांबली.

"तुला ठावं होतं?" त्याने विचारलं.

"व्हय. तुमी औंढ्याला गेले तवाच दिसलं. पेटी उघडली न्हाई. म्हटलं, तुमचं पाण्याचं खातं, तुमालाच घावू द्यावी."

"मंग त्या दिवशी काहून बोलली न्हाईस?"

"जगनकाका बसले होते. त्यांच्यापुढं तुमाला नाव तरंगती म्हणून सांगू?" तिने रिमोट त्याच्या मांडीवर ठेवला. "आन काल तुमालाबी घावली, मामा. त्या दाराची करकर मशीनपर्यंत ऐकू येती."

धम्मानंदने मान खाली घातली. जमिनीने पोटात घ्यावं असं त्याला वाटलं, पण फरशी घट्ट होती. ज्या सुनेने त्याची अब्रू जगनपुढे राखली, तिची अब्रू त्याने त्याच जगनपुढे घालवली होती, आणि वर कालपासून चोरासारखा वागला होता. त्याने टीव्ही बंद केला.

संध्याकाळी त्याने जगनला मुद्दाम बोलावून घेतलं. ज्योतीला दाराशी थांबायला सांगितलं आणि उभा राहिला.

"जगन, मी हिला चोर म्हटलं होतं. ती चोर न्हाई. किल्ली माझ्या डोळ्याम्होरं होती, मलाच दिसली न्हाई. मला घावल्यावरबी मी एक दिवस लपवलं. चुकलो मी."

जगन खो खो हसला. "आरं, खेळातली गोष्ट ती! मी तर तवाच इसरलो."

ज्योतीने चहाचे कप दोघांपुढे ठेवले.

"मी न्हाई इसरले, काका," ती म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली.

बोलायचं ते बोलून झालं होतं आणि ते पुरेसं नव्हतं, हे धम्मानंदला कळत होतं. आता तो दुपारी कोनाड्यातला रबरी चेंडू दाबत बसतो. ज्योती शेजारी येऊन बसेपर्यंत ती पेटी उघडायची नाही, असं त्याने ठरवलंय. अजून ती आलेली नाही.