गुडघ्याच्या चार बोटं वर

कारखान्यात तिला सगळे फटफटी म्हणत. तीनशे बायकांमध्ये मोटरसायकलवर येणारी ती एकटीच, तेव्हा नाव चिकटायला वेळ लागला नाही. आता ती सेहेचाळीसची होती आणि तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या यंत्राला माहीत होतं.

मोटरसायकल तिनं हौसेनं घेतलेली नव्हती. ती नवऱ्याची. वीस वर्षं तो त्या गाडीवरून पार्सलं पोचवायचा. मग साखरेच्या आजारानं त्याचे डोळे धरले आणि समोरचं सगळं वाफ धरलेल्या काचेतून पाहिल्यासारखं दिसायला लागलं. गाडी विकून टाकू म्हणाला. नेमकी त्याच महिन्यात कारखान्याकडे जाणारी बस बंद झाली होती. "विकताय कशाला? मला शिकवा," ती म्हणाली. मग दर रविवारी एका बंद गोदामाच्या आवारात ती पुढे आणि तो मागे. त्याला रस्ता दिसत नव्हता, पण इंजिन ऐकू येत होतं. "अगं गिअर टाक, रडतंय बघ ते," असं तो मागून सांगायचा. शिकली. आता तो एका मित्राच्या गॅरेजात बसून गाड्यांचे आवाज ऐकायचा आणि कुठं काय बिघडलंय ते सांगायचा. सकाळी त्याला तिथं सोडायचं, मग कारखाना. संध्याकाळी उलटा फेरा, मग स्वयंपाक, भांडी, त्याच्या गोळ्या, त्याची सुई.

कारखाना मोटरसायकल चालवणाऱ्यांच्या कपड्यांचा. जाड कापडाची जॅकेटं आणि पँटी, आतून खांद्याला, कोपराला, गुडघ्याला पॅडं. सगळं पुरुषांच्या मापाचं. ती एकोणीस वर्षं तिथं डाव्या बाह्या शिवत होती. फक्त डाव्या, उजव्या बाह्यांची रांग पलीकडची. स्वतः मात्र नवऱ्याचं जुनं जॅकेट घालून यायची. बाह्या दोनदा दुमडलेल्या, खांद्याचं पॅड दंडावर उतरलेलं.

मग मालकांची मुलगी शिक्षण संपवून कारखान्यात आली. सगळ्या तिला ताई म्हणायला लागल्या. उंच, सडपातळ, दर रविवारी स्वतःची मोठी मोटरसायकल घेऊन घाटात जाणारी. तिनं आल्या आल्या सांगितलं की बायकांसाठी वेगळे कपडे काढायचे. अंगाला बसणारे, दिसायला चांगले आणि पडलो तर वाचवणारे. पुरुषांचंच जॅकेट लहान करून त्यावर गुलाबी पट्टी मारायची नाही. बापानं मान हलवली, कारण मुलगी ऐकणारी नव्हती.

नमुना घालून बघायला रोजच्या वापरातली, साध्या बांध्याची बाई हवी होती. ताईनं सायकलींच्या रांगेत उभी असलेली जुनी मोटरसायकल पाहिली आणि विचारलं, "ही कुणाची?"

असं फटफटीचं दुसरं काम सुरू झालं. साडेपाचला पाळी संपली की ती वरच्या खोलीत जायची. तिथं म्हातारे कटिंग मास्तर खडू कानामागे खोवून उभे असायचे. ती एका चौरंगावर चढायची, हात बाजूला पसरायची आणि मास्तर टाचण्या लावायचे. ताई भोवती फिरून बघायची. "कमरेत अजून घ्या मास्तर. पोत्यासारखं दिसतंय." मास्तर घ्यायचे. "मावशी, हात वर करा. आता वाका. आता वळा." तास व्हायचा, कधी दीड. दिवसभर बसून तिची कंबर धरलेली असायची आणि वर उभं राहून पोटऱ्या. नवरा तिकडे गॅरेजच्या पायरीवर बसून वाट बघत असायचा, हे डोक्यात.

खोटं कशाला बोला, जॅकेट तिला आवडलं होतं. गर्द हिरवं, छातीवर एक विटकरी पट्टी, कॉलर मऊ. तिसरा नमुना घालून ती पहिल्यांदा घरी गेली तेव्हा नवऱ्यानं ते बोटांनी चाचपलं.

"रंग कुठला?"

"हिरवा. बाटलीसारखा."

"चांगली दिसत असशील."

"मला काय विचारता? आरसा पुसायला वेळ मिळतो का मला," ती म्हणाली, पण भांडी घासताना अंगात जॅकेट तसंच होतं.

पँटीचं मात्र काही जमत नव्हतं. ताईनं तिला पाचवा नमुना पंधरा दिवस रोज वापरायला दिला आणि एक कागद दिला. कागदावर प्रश्न होते आणि पुढे हो-नाहीचे चौकोन. चौरंगावर उभी असताना गुडघ्याचं पॅड अगदी वाटीवर बसायचं. गाडीवर बसलं, गुडघा वाकला, की कापड वर ओढलं जायचं आणि पॅड गुडघ्याच्या चार बोटं वर जाऊन बाहेरच्या बाजूला वळायचं. पहिल्या दिवशीच तिला ते कळलं. प्रत्येक सिग्नलला ती हातानं पॅड खाली ओढायची, जशी एखादी बाई घडीघडी पदर सारखा करते. सवय झाली.

पंधराव्या दिवशी साडेपाचला ती वर गेली. त्या दिवशी रांगेतल्या दोघी आल्या नव्हत्या आणि त्यांच्याही बाह्या हिच्यावर पडल्या होत्या. ताईनं विचारलं, "काय मावशी, गुडघ्याचं काय? राहतं जागेवर?"

चौरंग समोरच होता. मास्तरांच्या हातात टाचण्यांचा डबा होता. 'नाही' म्हटलं की आणखी तासभर उभं राहायचं, मग सहावा नमुना, मग परत पंधरा दिवस.

"राहतं," ती म्हणाली. "ठीक आहे सगळं."

तिनं कागदावर 'हो' च्या चौकोनात खूण केली आणि सहाच्या आत गॅरेजवर पोचली. नवरा म्हणाला, "आज लवकर?" त्या आठवड्यात ती तीन दिवस सहाच्या आत पोचली.

पुढच्या सोमवारी बायकांच्या पँटींची कापणी सुरू झाली. तिच्या शेजारच्या मशीनवर बसणारी बाई गुडघ्याच्या पॅडाचे खिसे शिवायला लागली. दोघी गेली बारा वर्षं एकाच डब्यातून जेवत होत्या. शेजारीण विधवा, घरात तिच्याखेरीज कमावणारं कुणी नाही. "तुझ्या मापाची पँट शिवतेय गं मी," ती हसून म्हणाली. "आता जाड होऊ नकोस." बुधवारी रांगेतून निघालेली पहिली पँट ताईनं फटफटीलाच घालायला दिली.

त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी, नवऱ्याला सोडून पुढे निघाल्यावर, एका बांधकामासमोरच्या वळणावर वाळू सांडली होती. वेग काही नव्हता. पुढचं चाक सरकलं आणि ती डाव्या अंगावर घसरत गेली. उठून बसली तेव्हा पहिल्यांदा तिनं कोपर बघितलं. बाहीचं कापड खरवडलं होतं, आत काही नाही. डावी बाही तिनंच शिवलेली. मग तिनं पायाकडे बघितलं आणि परत बघवलं नाही.

वाटीला तडा गेला होता, वरचं मांस फाटलं होतं. नऊ टाके आणि सहा आठवडे प्लॅस्टर. नवरा दवाखान्यात रिक्षानं आला आणि तिचा चेहरा हातांनी चाचपत राहिला. "इंजिनचा आवाज कसा होता पडताना?" त्यानं विचारलं. दुसरं काय विचारावं हे त्याला सुचलं नसावं.

घरी आल्यावर ती दोन दिवस झोपली. अशी झोप कितीतरी वर्षांत लागली नव्हती, आणि त्याचीही लाज वाटली.

पाचव्या दिवशी ताई आली. हातात फळं आणि एका पिशवीत ती फाटलेली पँट. खाटेच्या कडेला बसून तिनं पँट गुडघ्यावर पसरली.

"हे बघा मावशी. पॅडावर ओरखडासुद्धा नाही. कापड फाटलंय ते पॅडाच्या खाली. म्हणजे पॅड वर होतं. तुमच्या कागदावर तर जागेवर राहतं असं आहे. याचा अर्थ एकच, खिसा वर शिवला गेलाय. खिसे शिवणाऱ्या त्या बाईला मी उद्या काढते. माणसांच्या हाडांचा प्रश्न आहे, यात माफी नाही."

फटफटी भिंतीकडे बघत होती. नवरा दाराशी स्टुलावर बसला होता, त्यानं मान वळवली.

"खिसा बरोबर आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बसलं की वर सरकतं. पहिल्या दिवसापासून. मी हातानं खाली ओढायची."

ताईला क्षणभर समजलंच नाही. "मग 'हो' वर खूण का केलीत?"

"दमले होते."

"एवढंच?"

"एवढंच. तुम्हाला ते थोडं वाटतंय."

ताई उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. "सहाशे पँटींचं कापड कापलंय मावशी! त्या बायकांच्या अंगावर जाणार होत्या. तुमच्यासारख्याच पडल्या असत्या त्या. तुमच्या एका खुणेवर!"

"हो," ती म्हणाली. "म्हणून सांगितलं. तिला काढू नका."

ताई फळं ठेवून, पँट घेऊन निघून गेली. नवरा स्टूल ओढून खाटेजवळ आला. मग म्हणाला, "मला सांगितलं असतंस तरी..."

"तुम्ही काय केलं असतं?"

"काही नाही," तो म्हणाला. "पण पायरीवर बसून तुझ्या उशीर होण्यावर कुरकुरलो नसतो."

दोन आठवडे कारखान्यातून कुणी आलं नाही. नोकरी गेली असं तिनं धरूनच चाललं. शेजारीण एकदा येऊन गेली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि हिनंही काही सांगितलं नाही.

मग एका सकाळी मास्तर आले. चार जिने चढून धापा टाकत होते. पाणी प्यायले, खिशातून टेप काढला आणि म्हणाले, "चांगला पाय कुठला? खुर्चीवर बस. गाडीवर बसतेस तशी."

"कशाला मास्तर?"

"चाळीस वर्षं उभ्या माणसाची मापं घेतली मी. गाडी काय उभं राहून चालवतात? त्या पोरीला राग आला होता तुझा, मग माझा आला, मग स्वतःचा. दोन दिवस कटिंग टेबलाशी उभी होती. कापलेलं गुडघ्यापासून बदलायचं ठरलंय. काही वाया जाईल, काही सुधारेल." त्यांनी टेप तिच्या मांडीवरून गुडघ्याखाली सोडला आणि खडूनं खुर्चीच्याच पाठीवर आकडे मांडले. "खोटं मीही बोललोय, पोरी. मला दिसत होतं तू किती दमून उभी आहेस ते. मी म्हटलं, माझं काम टाचण्या लावायचं."

प्लॅस्टर निघाल्यावर ती लंगडत कामावर गेली. ताईनं एक मोटरसायकलच वरच्या खोलीत आणून ठेवली होती, चौरंगाच्या जागी. तपासणी आता सकाळी नऊला, पाळीच्या वेळात, आणि गाडीवर बसून. बाह्यांवर तेवढ्या वेळापुरती दुसरी बाई. रांगेत कुजबुज झाली की फटफटीला आता बसून पगार मिळतो. प्रत्येकीला सांगत बसायला अंगात जोर हवा.

ताई तिच्याशी पहिल्यासारखी मोकळी झाली नाही. पण प्रश्न विचारायच्या आधी म्हणायची, "बसा. पाणी घ्या. मग सांगा." आणि फटफटी सांगायची. पॅड अजून वळतंय. पाठीमागे कमरेला फट पडतेय, वारा शिरतो. खिशात हातमोजा मावत नाही. चेन मानेला टोचते. एकदा ताई म्हणाली, "कंबर एवढी सैल केली तर दिसणार कसं?" तेव्हा ती म्हणाली, "ताई, दिसायचं मलाही आहे. पण श्वास घेऊन." मास्तर खडू शोधायच्या निमित्तानं खाली वाकून हसले.

पँट नवव्या नमुन्याला जमली. मग ताईनं ती महिनाभर आणखी चार बायकांना वापरायला दिली, फक्त हिच्या शब्दावर सोडली नाही. तेही बरोबरच होतं, असं फटफटीला वाटलं. माल बाजारात गेला. जाहिरातीच्या चित्रात ताईसारखी उंच मुलगी होती, हिरव्या जॅकेटात, केस मोकळे. शेजारणीनं ते चित्र मशीनसमोर चिकटवलं आणि खाली पेनानं लिहिलं, 'माप: फटफटी'.

डावा गुडघा आता पुरता वाकत नाही. थंडीत ठणकतो, आणि गाडीला किक मारायची तर नवरा मागच्या सीटवरून उतरून मारतो. त्याला त्यात बरं वाटतं. बाह्या अजून तीच शिवते.

मागच्या शनिवारी ताई तिच्या मशीनशी आली. आता पावसाळी सूट काढायचा होता. "परत बसाल का मावशी?"

फटफटीनं सुई वर घेतली, चष्मा काढून डोळे चोळले. "सोमवारी सांगते," ती म्हणाली.

रविवारी ती दुपारी बारापर्यंत झोपली. नवऱ्यानं चाचपडत जाऊन रेडिओचा आवाज कमी केला आणि दार ओढून घेतलं.