डॉर्कस खाणीत शिरली तो दिवस

नेवाड्यातल्या ड्राय फोर्कच्या चांदीच्या खाणीत काय चाललंय, हे साहेबाच्या आधी डॉर्कस टॉलिव्हरला कळायचं. अख्ख्या खाणीचे कपडे तिच्याकडेच धुवायला पडायचे ना! मिसुरीत गुलामीत जन्मलेली ही काळी बाई. साबण-सोड्याने हात कोपरापर्यंत सोललेले, पण नजर अशी की सदरा उचलला की माणूस बोगद्यात कुठे उभा होता ते सांगेल. बोगद्याच्या तोंडाकडच्या भागात गोरे कॉर्निश, म्हणजे इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आलेले खाणकामगार, खणायचे, चांगल्या मजुरीवर. त्यांच्या कपड्यांना राखाडी धूळ. पार आत, जिथे धड वारासुद्धा पोचत नाही, तिथे काळे आणि चिनी, निम्म्या मजुरीवर.

त्या आठवड्यात आतल्यांच्या कपड्यांना निळा चिकट चिखल यायला लागला. सोमवारी थोडा, बुधवारी पाणी बदलून बदलून ती थकली. डोंगरातली ही माती पाणी पिऊन फुगते आणि लाकडाचे टेकू मोडते, हे तिला चांगलं ठाऊक होतं; तिचा थोरला भाऊ दुसऱ्या खाणीत असाच गेला होता. आणि तिचा नवरा रॅन्सम आतच खणत होता.

ती साहेबाकडे गेली. त्याने आपल्या सदऱ्यांच्या इस्त्रीची चौकशी केली आणि हसत तिला वाटेला लावलं. कॉर्निशांचा मुकादम ट्रेवॅनियन, त्याने निदान ऐकून तरी घेतलं. मग म्हणाला, "ते टोक तुमच्या माणसांचं, बाई. आमचं छप्पर ठीक आहे."

वा रे वा! डोंगर एकच, पोट एकच, आणि छप्पर म्हणे वेगळं!

रॅन्समला तिने उद्या जाऊ नको म्हणून विनवलं. तो म्हणाला, मी नाही गेलो तर साहेब माझ्या जागी दुसरा कुणी उभा करेल आणि तो मरेल. म्हणजे एकट्याला घरी ठेवून भागणार नव्हतं. खाण बंद पाडायची तर ती कॉर्निशांनीच पाडायला हवी होती.

आता हा कॉर्निश माणूस साहेबाला भीत नाही, सुरुंगाला भीत नाही, पण खाणीत बाईचं पाऊल पडलं की त्याची पाचावर धारण बसते. बाई आत आली की खाण चिडते आणि माणसं गिळते, अशी त्यांची पक्की समजूत. बायको डबा घेऊन आली तरी तिने दहा हात लांब थांबायचं.

शुक्रवारी सकाळी, सगळे कामावर जायला तोंडाशी जमले असताना, डॉर्कस शिवणाची टोपली घेऊन सरळ त्यांच्यामधून चालत गेली आणि बोगद्यात शिरली. पन्नास पावलं आत जाऊन उपड्या बादलीवर बसली आणि मोजे रफू करू लागली. काय छातीची बाई! डोक्यावरचा डोंगर फुगतोय, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

बाहेर एकच गलका. ट्रेवॅनियनने डबा आपटला आणि सांगून टाकलं की खाण बाटली, तीन दिवस कुणीही आत जाणार नाही. गाड्या ओढणारे, सुरुंग लावणारे सगळे त्याचेच, त्यामुळे आतल्यांनाही घरी पाठवावं लागलं. साहेब थयथयाट करत होता, तिला ओढून काढा म्हणत होता. पण ओढायला आत जाणार कोण? आत बाई होती! शेवटचा माणूस टेकडी उतरल्यावर ती आपणहून उठली आणि घरी आली.

शनिवारी सकाळी दहा वाजता डोंगर बसला. आतल्या टोकापासून तोंडापर्यंत सगळा बोगदा गेला, कॉर्निशांच्या छपरासकट.

आता गावाने तिचे पाय धरायचे की नाही? छे! बाई आत गेली म्हणूनच खाण कोसळली, असं ठरलं. खानावळीत तेच, चर्चच्या पायरीवर तेच. सोमवारच्या आत गाव सोडा, असा निरोप आला. रॅन्समला चौकात अडवून लोकांनी नको नको ते ऐकवलं. तो घरी आला तो तणतणतच. डॉर्कस शेवटचं गाठोडं बांधत होती.

"कोण कोण होतं शिव्या द्यायला?" तिने विचारलं.

"सगळे. ट्रेवॅनियन सगळ्यांच्या पुढे."

"आणि त्याची माणसं?"

"एकूण एक. त्रेसष्टच्या त्रेसष्ट."

"एकही कमी नव्हता ना?"

"नाही."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि गाठ आवळली.