रेणव्वाला मी काय सांगितलं

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट कळत नाही.

शेवटच्या वर्षी आईला माणसं ओळखू येत नव्हती. मलाही ती 'बाई' म्हणायची. एका दुपारी दार उघडं राहिलं आणि ती निघून गेली. शोधत शोधत मी बंदरामागच्या झोपडपट्टीत पोचले. विजापूरकडून कामाला आलेली माणसं तिथे राहतात. आमच्या गच्चीवरून त्यांच्या निळ्या ताडपत्र्या दिसायच्या, आणि तिकडे बघून मी — काय काय नाही बोलले? घाण, दारू, चोऱ्या. गेले मात्र एकदाही नव्हते.

आई एका झोपडीसमोरच्या सारवलेल्या अंगणात बसली होती. रेणव्वा नावाची बाई तिच्या केसांना तेल लावत होती. शेजारणीनं पेज आणून दिली होती. आई हसत होती. आमच्या घरात ती शेवटची कधी हसली होती?

"आजींना एकटं सोडू नका," रेणव्वा म्हणाली. "हितं कुणी ना कुणी असतंयच. आणून बसवा की."

मी आभारसुद्धा मानले नाहीत. घरी सांगितलं, आई देवळात सापडली. दाराला बाहेरून कडी लावायला लागले.

त्या वस्तीबद्दलचं माझं मत बदललं का? त्याच दुपारी बदललं. जागा वाईट असती तर सोपं होतं. तिथे आई बरी होती — माझ्यापाशी तशी नव्हती, हे मला सोसलं नाही.

"ती केस विंचरणारी कुठे गेली गो?" आई विचारायची. मी ऐकलं न ऐकलं करायची.

मग एके सकाळी रेणव्वाच दारात आली. कामावर जाता जाता, घर विचारत विचारत.

"आजी बऱ्या हाईत का?"

"लांज्याला पाठवलं. भावाकडे."

तेवढ्यात आतून आई म्हणाली, "कोण आलंय गो?"

रेणव्वानं ते ऐकलं. माझ्याकडे बघितलं — रागानं नाही — आणि पायऱ्या उतरून गेली.

"कोणी नाही," मी आईला सांगितलं.

आई दाराकडे बघत राहिली. मी पडदा ओढला आणि भात लावायला गेले.